वासराचा सड

कोलशेत, ठाणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. मेघाली,

काल भाऊबीज होती. खडवलीला जाऊन दादाला ओवाळलं. तुझा बाप पाटावर बसला होता, पण ओवाळून घेणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. ओवाळून झाल्यावर ताटात काही घालण्याऐवजी त्याने खिशातून तुमच्या कार्यालयाची छापील यादी काढली आणि माझ्या हातात दिली. 'वाच,' म्हणाला. 'इंग्लिश शाळेतली ना तू?'

यादी मराठीतच होती, तरी वाचली. गीर वळूंची क्रमवारी. वरच्यांना शाबासकी, तळच्या पाचांना रजा. तळच्या पाचांत आपला गोंडा. आणि खाली सही कुणाची, तर मेघाली गुणाजी मढवी.

मला गुरांतलं काही कळत नाही, हे मी आधीच सांगते. आपल्या कोलशेतच्या घरात भातशेती होती, मिठागर होतं, गाय नव्हती. गोंड्याची आई उंबरी; तिची आजी तुझ्या आईबरोबर, तुळसावहिनीबरोबर, तिच्या माहेराहून आली. पण मला माणसं कळतात. तुम्ही लोक आपण होऊन दारात आलात, उंबरीसारखी दुधाळ गाय पंचक्रोशीत नाही म्हणालात, तिचा गोऱ्हा, हाच गोंडा, मागून नेलात. वहिनीने त्याला पोळी चारून गाडीत चढवला. एवढी वर्षं त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगाव वाटल्यात. आता म्हणता, त्याच्या मुली दूध कमी देतात, तेव्हा त्याला काढा आणि उरलेल्या कांड्या फेकून द्या. म्हणजे उंबरीचं नाव त्याच्यापाशीच संपलं. उंबरी गेली, तिला दुसरा गोऱ्हा झाला नाही, हे तुला मी सांगायला नको.

दादा जेवत नाही असं नाही. जेवतो. पण गोठ्यात जाऊन बसतो आणि कुणी आलं की उठून जातो.

मी सारी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढली. खालून कुणी ओरडलं की वरचा माणूस 'यंत्रात तसं दिसतंय' म्हणतो, हे मी रोज ऐकलं आहे आणि पोटासाठी म्हटलंही आहे. तू तसं उत्तर देऊ नकोस. आणि फोन करू नकोस. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला मेसेज करत असतेस. लिहून कळव.

नंदाआत्या


डोंबिवली पूर्व
११ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या, नमस्कार.

तू पत्रच हवं म्हणालीस म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

वळू दूध देत नाही हे मलाही माहितीय. म्हणूनच त्याच्या मुलींचं दूध बघावं लागतं. एका गावातल्या, एकाच मोसमात व्यालेल्या गायी एकमेकींशेजारी ठेवायच्या. कुणाचा बाप गोंडा, कुणाचा दुसरा. चारा तोच, पाणी तेच, ऊन तेच. मग कुणाच्या मुली जास्त देतात ते बघायचं. महिन्यातून एकदा आमचा माणूस काटा घेऊन जातो आणि दोन्ही वेळचं दूध तोलतो. अशी खूप गावं, खूप मुली. त्यातून जे निघतं ते बापाच्या नावावर लागतं. एखादी गाय चांगली निघाली म्हणून तिचा गोऱ्हाही चांगला, असं होतंच असं नाही. उंबरी भारी होती. गोंडा कदाचित नसेल. हे बाबांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

सहीचं म्हणशील तर, गोंडा खाली आलेला बघितल्यावर मी केदार सरांना म्हटलेलं, मला यातून काढा. ते म्हणाले, हिशोब तू केलेला नाहीस, यादी बरोबर छापली एवढीच तुझी सही. नसती केली तर ऑफिसमध्ये बोलले असते, बापाच्या बैलासाठी अडून बसली. केली तर तू बोलतेस.

बाबा फोन उचलत नाहीत. आई उचलते आणि 'भात ठेवलाय' म्हणून ठेवून देते. आत्या, दुपारी तीनला कसला भात?

हरकत घ्यायला जानेवारी संपेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर कांड्या नष्ट करतील. पण हरकतीला कारण लागतं. नुसता राग चालत नाही.

तुझी,
मेघाली


खडवली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मेघाली,

राग चालत नाही म्हणालीस, म्हणून कारण शोधायला आले आणि चार दिवस इथेच राहिले. सापडलं. आता रागही दुप्पट झाला आहे.

परवा सकाळी तुमचा तो महेंद्र काटा घेऊन आला. सभ्य माणूस आहे, चहा घेतला, कप स्वतः विसळला. वहिनी दूध काढायला बसली. वासराला आधी पाजलं, पान्हा उतरला, मग वासरू ओढून गाईच्या तोंडापाशी बांधलं. मी दारात उभी होते. तीन सड पिळून झाले आणि वहिनी उठली.

'वहिनी, एक राहिला,' मी म्हटलं.

'कय राहिला?'

'चौथा सड.'

'तो वासराचा हाय.' आणि तिने वासरू सोडलं. ते धावत जाऊन त्याच सडाला लागलं. बाकीच्या तिघांकडे त्याने पाहिलंही नाही.

'मग हे महेंद्रला सांगितलंत का?'

'त्यानं इचारला, गाय किती देते. मना देते तेवढा त्याचे काट्यावर ठेवला. वासराला देते ता मी कशाला सांगू? शेजारणीचे घरान किती भाकऱ्या झाल्या ता मी सांगतं का?'

मी महेंद्रकडे वळले. त्याला माहीत होतं. म्हणाला, 'मॅडम, फॉर्मवर सडाचा रकाना नाही.' एवढं बोलून त्याने तीन सडांचं दूध गाईच्या नावावर लिहिलं.

वहिनीच्या माहेरी, पडघ्याकडे, लेकीबरोबर गाय धाडताना आई एका सडाला हळद लावते आणि सांगते, हा तुझा नाही. तो पिळायचा नाही आणि त्याचं दूध मोजायचंही नाही. तिच्या भावाकडे, भिवाकडे गेले. तिथे तेच. तिच्या दोन्ही मावसबहिणींकडे तेच. आणि गोंड्याच्या मुली आहेत कुणाकडे? बहुतेक याच घरांत. 'उंबरीच्या पोराचीच कांडी घाल' म्हणून तुमच्या डॉक्टरला यांनीच हट्ट केला होता, आपल्या लेकीच्या घरचा वळू म्हणून. म्हणजे अभिमान यांचा आणि शिक्षा गोंड्याला.

आता दुसऱ्या बापांच्या मुली पाहायला मी त्याच गावातल्या मोठ्या शेडवर गेले. घोडबंदर रोडच्या टॉवरांना देशी गाईचं दूध पुरवते ती. माझ्याही दाराशी रोज सकाळी तिची काचेची बाटली येते. बाटलीवर उड्या मारणाऱ्या वासराचं चित्र आहे. शेडमध्ये वासरू नाही. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, 'पहिल्याच दिवशी वेगळं करतो, मॅडम, हायजीन.' तिथे चारही सड शेवटच्या थेंबापर्यंत पिळतात.

हे तुमचं 'चारा तोच, पाणी तेच'. तीन सडांची गाय चार सडांच्या गाईशेजारी उभी करायची आणि बापाला नापास करायचं. मुली, तू त्या गोठ्यात वाढलीस. वहिनीच्या मांडीला मांडी लावून दूध काढायला शिकलीस. हे तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही?

तुझ्या केदार सरांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, इंग्रजीत. नन्सनी शिकवलेलं इंग्रजी अशा वेळी कामाला येतं. त्यात माणसाला गाढव म्हणण्याआधी 'विथ रिस्पेक्ट' म्हणायची सोय असते.

नंदाआत्या


डोंबिवली पूर्व
९ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून वाचलं.

मला माहीत होतं गं. पण मला वाटायचं सगळीकडे तसंच करतात. फॉर्म मीच बनवलेला. 'एक सड वासराला सोडता का' असं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, जसं आपण कुणाला 'भांडं धुऊन घेता का' असं विचारत नाही. सगळेच सोडत असतील तर सगळ्यांचंच तेवढं कमी होईल आणि तुलनेत फरक पडणार नाही, इतकं सरळ. शेडमध्ये मी कधी गेलेच नाही. माझ्याकडे तिथले फक्त आकडे येतात.

सरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लाल झाले. दुसऱ्यांदा मला बोलावून म्हणाले, 'तुझ्या आत्याचं बरोबर आहे आणि तिला हे सांगू नकोस.' हरकत त्यांनी दाखल करून घेतलीय. आता सगळ्या गावांत सडाचा प्रश्न विचारणार. पण एक अडचण आहे. सड सोडणाऱ्या घरांत दुसऱ्या वळूंच्या मुली जवळजवळ नाहीतच, सगळ्या गोंड्याच्याच. मग त्याची तुलना करायची कुणाशी? वासरू किती पितं ते कळलं तरच हिशोब लागेल. म्हणून त्या घरांत एक दिवस, फक्त सकाळ आणि संध्याकाळ, चारही सड काढून तोलायचे.

आधी आपल्या घरी झालं पाहिजे. आईने काढलं की भिवामामा काढेल, मग बाकीचे. मला त्या कामावर पाठवणार नाहीत, घरचं प्रकरण म्हणून. बाबा माझं ऐकणारही नाहीत. आत्या, तू त्यांना पत्र लिही. एकाच दिवसाचा प्रश्न आहे. वासराला आई त्या दिवशी वाटीने पाजेल.

तुझी,
मेघाली


खडवली
२० डिसेंबर २०२४

नंदाबाय,

तुजा कागूद पोचला. तुजा अक्षर अजून चांगला हाय.

तू लिवतेस ता समजला. एक दिवसाचा काम हाय, गोंडा वाचंल. मना गोंडा नको हाय का? त्याचे नाळेवर मी राख लावली. पन तुळसा नाय बोलते, ना मी पन नाय बोलतं.

तू बोलशील, अडानी हाव. एक सांगतं. आपली कोलशेतची खाडी कुनी मोजली नव्हती तवर ती आपली व्हती. कोन मासं पकडी, कोन नुसता पाय धुवी. मोजनीवाला आला, साखली टाकली, ना मंग सगल्यांना समजला का ही किती हाय. मंग ती आपली नाय रायली. वासराचा किती हाय ता आमाला म्हाइत नाय, म्हनून ता वासराचा हाय. समजला का तुला?

गोंडा जाल तं जाऊ दे. पोरीला सांग, तिच्यावर राग नाय. पन फोनवर नाय, घरी आली का बोलंन.

तुजा दादा,
गुणाजी


कोलशेत, ठाणे
२ जानेवारी २०२५

चि. मेघाली,

सोबत तुझ्या बापाचं पत्र पाठवते. वाच आणि परत कर, ते माझं आहे.

ते वाचून मी आधी रागाने ताट आपटलं. सगळ्या जगाने या माणसाला समजून घ्यायचं आणि याने कुणासाठी बोट हलवायचं नाही. आपला वळू वाचवायला परकी माणसं धडपडतात आणि हा मला खाडीची गोष्ट सांगतो. खाडी मोजली नसती तर ती राहिली असती का, हे त्याला विचारायला मी दुसऱ्या दिवशी थेट खडवलीला गेले. वाटेत मात्र माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. त्याने मी आणखी चिडले.

पण मी रिकाम्या हाताने गेले नव्हते. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सान्वी नावाची मुलगी नुकतीच बाळंत झाली आहे. बाळ पोटभर पितं की नाही कळेना, म्हणून डॉक्टरांनी तिला पाजण्याआधी बाळ तोलायला सांगितलं आणि पाजल्यावर पुन्हा. मधला फरक तो दुधाचा. दुधाला हात लावायचा नाही. बाळंतिणीला कळतं ते तुमच्या कार्यालयाला का कळू नये?

वहिनीला सांगितलं. ती आधी हसायला लागली.

'वासराला काट्यावर? ता उभा राहील?'

'मी धरीन.'

'तू धरशील? तुला गोठ्यान यायचा तं नाकाला पदर लागते, नंदाबाय.'

'वहिनी, दुधाला कोणी शिवणार नाही. सड वासराचाच राहील. आपण फक्त वासरू उचलायचं.'

तिने पातेलं घासायला घेतलं. मग म्हणाली, 'पोराला तं आमी पन तोललाय, गूल देताना. त्याला दोष नाय.' देवापुढे पोराच्या भारंभार गूळ वाटतात, ते तिला आठवलं.

दादा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. उठून नदीकडे गेला. मी ते हो धरलं. तुझ्या सरांना सांग, महेंद्रला मोठा काटा घेऊन पाठवा. भिवा आणि मावसबहिणींकडे मी स्वतः जाईन. आणि त्यांना हेही सांग की ही कल्पना त्यांना सुचायला हवी होती. पगार त्यांना मिळतो.

नंदाआत्या


डोंबिवली पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

तू वासराला मिठी मारून काट्यावर उभी आहेस असा फोटो महेंद्रने पाठवलाय. चष्मा वासराच्या कानात अडकलाय. सरांनी तो बघितला आणि दिवसभर खुशीत होते.

बातमी आधी सांगायला हवी होती. गोंडा राहिला.

वासरांचा वाटा मिळवला, शेडच्या गायी वेगळ्या काढल्या, हिशोब पुन्हा केला. मी नाही, दुसऱ्या टीमने केला. गोंडा तळच्या पाचांतून उठून यादीच्या वरच्या अर्ध्यात आलाय. फार वर नाही, आत्या, खोटं सांगत नाही. पण चांगला, भरवशाचा वळू. कांड्या नष्ट करण्याचा आदेश रद्द झाला आणि पुढच्या वर्षी त्या आणखी तालुक्यांत जातील. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

फॉर्मवर आता सडाचा रकाना आहे. आणि आम्ही ठरवलं की कुणापासून काही लपवायचं नाही. म्हणून ज्या ज्या घरी वासरं तोलली, तिथे प्रत्येकाला त्यांच्या गाईचा पूर्ण आकडा लेखी कळवलाय. घरात किती आलं आणि वासराने किती प्यायलं, दोन्ही. तो आकडा आम्हाला वाटलेलं त्याहून बराच मोठा निघाला. लोकांना आपली गाय खरी किती दुधाची आहे ते कळेल. मामाच्या गाईचा तर खूपच छान आहे.

बाबांना तूच सांग. मला त्यांचा चेहरा बघायचा होता, पण मार्च संपेपर्यंत सुट्टी नाही.

तुझी,
मेघाली


खडवली
३ मार्च २०२५

चि. मेघाली,

तुझ्या बापाला सांगितलं. यादीतली गोंड्याची ओळ त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग वहिनीला हाक मारून तिला ऐकवायला तिसऱ्यांदा. संध्याकाळी त्याने शेजाऱ्यांना चहा पाजला आणि विषय निघाला नाही तर स्वतः काढला. एवढं मी पाहिलं आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

काल सकाळी भिवाकडे गेले. त्याची गाय दारातच होती. भिवा बसला होता आणि चौथा सड पिळत होता.

मला पाहून थांबला नाही. 'नंदाताई, मना म्हाइतच नव्हता एवढा जातंय ता,' म्हणाला. 'कागदावर आला ना, तवा समजला. शेडवाला पन तोच कागूद बघून गेला. बोलला, एवढा दूध वासराला पाजतंस?'

'आणि वासरू?'

'त्याला पेंड हाय की.'

वासरू कुडाला बांधलं होतं. मी त्याला काट्यावर उचललं होतं, म्हणून मला फरक कळला. बरगड्या दिसत होत्या. धाकट्या मावसबहिणीकडेही चौथा सड सुरू झाला आहे. थोरली अजून सोडते, पण तिचा मुलगा रोज भांडतो. त्याच्याकडे तुमचा कागद आहे. तो खिशातच घेऊन फिरतो.

मी भिवाला नको नको ते बोलले. तो माझ्याहून वयाने मोठा आहे, तुझा मामा आहे, तरी बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुमीच तं तोललात, ताई.'

मी केदार सरांना पत्र लिहायला बसले. 'डियर सर' लिहिलं आणि पुढे काही येईना. त्यांनी चुकीचं काय केलं? मोजलं ते सांगितलं. तू चुकीचं काय केलंस? लपवलं नाहीस. भिवाने तरी काय केलं, स्वतःच्या गाईचं दूध काढलं. इतका राग आणि तो ठेवायला एकही माणूस नाही, अशी वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. कागद फाडला.

दादाला कळलं आहे. 'मी बोललो व्हतो' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं. त्याने ओट्यावरूनच विचारलं, 'पोरगी कवा येते?'

तेव्हा आता ऐक. नुसतं वाईट वाटून घेत बसू नकोस, ते काम मी केलं आहे. तुमच्याकडे प्रत्येक गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर तिचा जन्म आणि तिचं पहिलं वेत नोंदलेलं आहे ना? मग मला एवढं काढून दे. गोंड्याच्या ज्या मुली चौथ्या सडावर वाढल्या, त्या किती लवकर व्याल्या? आणि शेडवाल्याने वेगळ्या काढून पेंडीवर वाढवलेल्या किती उशिरा? किती वाचल्या आणि किती मेल्या? वासराच्या पोटात जातं ते वाया जातं की दोन-तीन वर्षांनी गोठ्यात परत येतं, हे तुमच्या यंत्राला विचार. उत्तर मला आवडणारं निघालं नाही तरी तसंच आण, फिरवू नकोस. भिवाला एका आकड्याने बिघडवलं आहे. निदान दुसरा आकडा तरी त्याच्यासमोर ठेवू.

तो ऐकेलच असं नाही. थोरल्या मावशीचा मुलगा तर नाहीच ऐकणार. पण ते वासरू रोज सकाळी भुकेलं राहतं आणि मला रोज सकाळी ते आठवतं. मार्चनंतर सुट्टी मिळेल म्हणतेस, तोवर ते जगेल की नाही मला माहीत नाही. रजा टाक. नाही दिली तर तुझ्या सरांना सांग, आत्या स्वतः येऊन मागेल.

रविवारी ये. स्टेशनवर तुझा बाप येईल. येतो असं तो म्हणाला नाही, पण शनिवारी न्हाव्याकडे जायचं म्हणतो आहे. घरी थांबू नकोस, चहा नंतर. आपण तिघं सरळ भिवाच्या दारात जाऊ. आकडे तू वाचून दाखव. तुझ्या बापाला नुसतं उभं राहू दे. बाकीचं मी बोलेन.

नंदाआत्या